किंग काउंटी, वॉशिंग्टन: शहराच्या मागण्यांची यादी ठरते तेव्हा आपण कुठे असतो?

तळ्याकाठची | १६ ऑक्टोबर २०२५

नमस्कार मंडळी,

आम्ही सियाटलच्या पूर्वेला, किंग काउंटीतल्या (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो. या आठवड्यात इथल्या सिटी काउन्सिलने एक बैठक घेतली. आमच्या मतदारसंघाचे राज्यातले तिन्ही प्रतिनिधी, म्हणजे एक सिनेटर आणि दोन रिप्रेझेंटेटिव्ह, आणि काउंटी काउन्सिलचे आमच्या भागाचे सदस्य असे सगळे आले होते. जानेवारीत ऑलिम्पियाला, म्हणजे राज्याच्या राजधानीत, विधिमंडळ भरेल तेव्हा शहराने कुठल्या मागण्या लावून धरायच्या, एवढाच विषय होता. प्रेक्षकांच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभर ज्यावरून वाद झडतात ते सगळं त्या टेबलावर होतं: घरपट्टी, शाळेच्या वाटेवर नसलेला फुटपाथ, बसच्या फेऱ्या, घरांच्या किमती. आपल्यापैकी तिथे कोणी दिसलं नाही आणि ते मला फार लागलं. म्हणून हा धागा.

नव्याने आलेल्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. इथे शहर कुठला कर लावू शकतं आणि किती लावू शकतं हे राज्याचा कायदा ठरवतो. त्यामुळे काउन्सिल कितीही चांगलं असलं तरी मोठ्या प्रश्नांची किल्ली ऑलिम्पियात असते. तिथलं विधिमंडळ वर्षभर चालत नाही. विषम वर्षी १०५ दिवस, सम वर्षी फक्त ६०. येतं अधिवेशन १२ जानेवारी ते १२ मार्च असं आहे. ९८ रिप्रेझेंटेटिव्ह, ४९ सिनेटर, शेकडो विधेयकं आणि हातात ६० दिवस. या गर्दीत एका शहराचं म्हणणं ऐकलं जायचं असेल तर ते अधिवेशनाच्या आधीच आमदारांच्या मनात पक्कं बसलेलं हवं. त्यासाठी शहरं ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात आपली यादी तयार करतात, तिच्यावर काउन्सिलचं मत घेतात आणि ती आमदारांच्या हातात ठेवतात.

आमच्या शहराची यादी दोन पानांची आहे. पहिल्या भागात शहर स्वतः पुढाकार घेऊन ज्यांच्यासाठी झगडणार अशा गोष्टी. दुसऱ्यात इतर कोणी आणल्या तर पाठिंबा द्यायच्या गोष्टी. तिसऱ्यात विरोध करायच्या. वाचताना तिन्ही भाग सारखेच वाटतात, पण प्रत्यक्षात शहराच्या लॉबिस्टचा, म्हणजे शहराची बाजू आमदारांपुढे मांडायला नेमलेल्या माणसाचा, बहुतेक वेळ पहिल्या भागावर जातो. बैठकीत सिनेटरबाईंनी यादी चाळली आणि विचारलं, की यातली एकच गोष्ट होणार असेल तर तुम्हांला कुठली हवी? काउन्सिलमध्ये क्षणभर शांतता पसरली, मग चर्चा सुरू झाली. संध्याकाळभरातली सगळ्यात कामाची चर्चा तीच होती.

आणि ती घसरली अपेक्षेप्रमाणे मालमत्ता कराच्या १ टक्का मर्यादेवर. हे नीट समजून घ्या, कारण इथे घर घेतलेल्या आपल्या बहुतेकांचा यात गोंधळ असतो. घराची किंमत २० टक्क्यांनी वाढली की शहराला २० टक्के जास्त कर मिळतो, असं आपण धरून चालतो. तसं नाही. समजा शहराने गेल्या वर्षी मालमत्ता करातून २ कोटी डॉलर उभे केले. यंदा सगळ्या घरांच्या किमती कितीही वाढल्या तरी शहराला आपणहून २ कोटी २ लाखच घेता येतात, वर नव्या बांधकामाचा कर वेगळा. किमती वाढतात तसा दर खाली येतो. ही मर्यादा २००१ मध्ये इनिशिएटिव्ह ७४७ ने, म्हणजे लोकांच्या थेट मतदानातून झालेल्या कायद्याने, आणली. त्याआधी ६ टक्क्यांपर्यंत वाढवता येत असे. नोव्हेंबर २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते इनिशिएटिव्ह रद्द ठरवलं, आणि त्याच महिन्यात विधिमंडळाने खास अधिवेशन घेऊन मर्यादा पुन्हा आणली. तेव्हापासून ती तशीच आहे. अग्निशमन दलाचे पगार, विमा, डांबर यातलं काहीही वर्षाला १ टक्क्याने वाढत नाही. २०२४ आणि २०२५ मध्ये ही मर्यादा ३ टक्क्यांपर्यंत नेण्याचे प्रयत्न झाले, दोन्ही वेळा बारगळले.

दुसरा मोठा मुद्दा मला तरी नवा होता. किरकोळ गुन्ह्यांत ज्यांना वकील परवडत नाही त्यांचा वकील शहराच्या पैशातून येतो. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने या जूनमध्ये ठरवलं की एका सरकारी बचाव वकिलाकडे वर्षाला अशा ४०० पर्यंत केसेस असतात, त्या उतरवत उतरवत १२० वर आणायच्या. गंभीर गुन्ह्यांसाठी १५० वरून ४७. जानेवारी २०२६ पासून सुरुवात, १० वर्षांची मुदत. निर्णय मला योग्य वाटतो. वर्षाला ४०० माणसांचा बचाव करणारा वकील कोणाचाच बचाव करू शकत नाही. पण पैसे बहुतांशी काउंटी आणि शहरांनी द्यायचे आहेत, आणि तेही १ टक्क्याच्या चौकटीत. या एका मुद्द्यावर शहर आणि काउंटी दोघंही राज्याकडे एकाच सुरात बोलत होते. एरवी तसं क्वचितच होतं.

आपापल्या शहराच्या यादीत काय आहे, कोणी पाहिलंय का? नसेल तर शहराच्या वेबसाइटवर शोधा. आणि तुम्हांला त्यात काय असावंसं वाटतं तेही लिहा.

---

केवळ_वाचक | १६ ऑक्टोबर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं ते फक्त हे विचारायला. मी एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डच्या रांगेत. मत देता येत नाही. अशा बैठकीत बोललेलं चालतं का? व्हिसावर काही परिणाम होईल अशी भीती वाटते, खरं सांगतो.

---

तळ्याकाठची | १६ ऑक्टोबर

@केवळ_वाचक, चालतं. काउन्सिलमध्ये बोलायला नाव आणि साधारण राहण्याचा भाग विचारतात, नागरिकत्व विचारत नाहीत. २०२२ च्या कायद्यानंतर वॉशिंग्टनमध्ये तर ज्या बैठकीत अंतिम निर्णय होणार असतो, तिथे किंवा तिच्या आधी लोकांना तोंडी वा लेखी म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. विधिमंडळाच्या समित्यांपुढेही कोणीही साक्ष देऊ शकतं, घरून व्हिडिओवर सुद्धा.

दोन गोष्टींपासून मात्र कटाक्षाने दूर राहा. मतदार नोंदणीचा फॉर्म कुठेही पुढे आला, लायसन्सच्या खिडकीवर आला तरीही, सही करू नका. आणि ग्रीन कार्ड नसेल तर कुठल्याही उमेदवाराला देणगी देऊ नका, १० डॉलरसुद्धा. आपलं म्हणणं मांडणं ही वेगळी गोष्ट आहे. तुम्ही इथे भाडं भरता, सेल्स टॅक्स भरता, मुलं इथल्या शाळेत जातात. स्वतःच्या केसबद्दल शंका असेल तर वकिलाला विचारून घ्या, पण भीतीने गप्प बसू नका.

---

बॉथेलकर | १७ ऑक्टोबर

माहितीपूर्ण धागा. पण १ टक्क्याबद्दल माझं मत वेगळं आहे आणि ते इथे यायला हवं.

ही मर्यादा लोकांनी मतदानाने आणली. शहराला जास्त हवे असतील तर मार्ग बंद नाही: लोकांपुढे जायचं, कशासाठी किती हवेत ते सांगायचं आणि साध्या बहुमताने मंजुरी घ्यायची. लेव्ही लिड लिफ्ट म्हणतात त्याला. अनेक शहरं करतात. मग विधिमंडळाकडून परस्पर ३ टक्के का मागायचे? माझ्या शेजारी निवृत्त जोडपं राहतं. घर फेडून झालंय, पण कराचं बिल भरताना त्यांची ओढाताण मी पाहतो. जास्त हवे असतील तर शहराला लोकांसमोर हिशेब द्यावा लागतो हे चांगलंच आहे. तो अंकुश काढून टाकू नये.

---

चाफेकळी_७ | १७ ऑक्टोबर

बॉथेलकरांना अनुमोदन. आमचं बिल गेल्या काही वर्षांत बरंच वाढलंय. १ टक्का मर्यादा असेल तर ते का वाढतं हे मला आजवर कळलेलं नाही.

---

तळ्याकाठची | १७ ऑक्टोबर

@चाफेकळी, बिल हातात घ्या आणि मागची फोड बघा. किंग काउंटीत निम्म्याहून जास्त वाटा शाळांचा असतो, राज्याचा शालेय कर आणि स्थानिक शालेय लेव्ही मिळून. मग काउंटी, साउंड ट्रान्झिट (लाइट रेल चालवणारी संस्था), बंदर, काही ठिकाणी हॉस्पिटल आणि लायब्ररीचे जिल्हे. शहराचा तुकडा त्या मानाने लहान. मतदारांनी मंजूर केलेल्या लेव्ही १ टक्क्याच्या बाहेर असतात, त्याही यात धरा. शिवाय तुमच्या घराची किंमत इतरांपेक्षा जास्त वाढली असेल तर एकूण रकमेतला तुमचा हिस्सा वाढतो. मर्यादा शहराच्या एकूण रकमेवर आहे, एकेका घराच्या बिलावर नाही.

@बॉथेलकर, तुमच्या शेजाऱ्यांना विचारा की त्यांनी ज्येष्ठांसाठीची सूट घेतली आहे का. वय ६१ पूर्ण, स्वतःचं राहतं घर, आणि किंग काउंटीत घरातलं उत्पन्न वर्षाला ८४,००० डॉलरच्या आत असेल तर काउंटी असेसरकडे अर्ज करता येतो. हक्क असूनही अर्ज न केलेली माणसं मला माहीत आहेत.

अंकुशाबद्दलचं तुमचं म्हणणं मी गांभीर्याने घेते. पण दार एकीकडे बंद केलं की पैसा दुसरीकडून येतो, आणि तो कोणाच्या खिशातून येतो हे पाहायला हवं. याच वर्षी विधिमंडळाने हाउस बिल २०१५ मंजूर केलं. पोलीस भरतीसाठी १० कोटी डॉलरचं अनुदान, आणि शहरांना व काउंट्यांना मतदानाशिवाय ०.१ टक्का सेल्स टॅक्स लावायची मुभा. किंग काउंटीने ती वापरली, अनेक शहरांनीही. म्हणजे लोकांपुढे न जाताच कर वाढला. आणि सेल्स टॅक्स भाडेकरूला, विद्यार्थ्याला, कमी पगारवाल्याला सगळ्यात जास्त टोचतो. ईस्टसाइडवर, म्हणजे सियाटलच्या पूर्वेकडच्या शहरांत, तो आता १० टक्क्यांच्या वर आहे. १०० डॉलरच्या खरेदीवर राज्य ६ डॉलर ५० सेंट घेतं, साउंड ट्रान्झिट १.४०, काउंटीची मेट्रो बस ०.९०. सेल्स टॅक्समधल्या शहराच्या मूळ १ टक्क्यातलेही १५ टक्के काउंटीला जातात, शहराकडे ८५ सेंट उरतात. त्या ८५ सेंटांवर आणि १ टक्क्याने वाढणाऱ्या मालमत्ता करावर रस्ते, पोलीस आणि पार्क चालवायचे. मला ३ टक्के यासाठी हवेत.

---

पर्वतीपायथा | १८ ऑक्टोबर

पुण्यातून लिहितोय. तुमच्या धाग्यातली एकच गोष्ट मनात घर करून राहिली: शहर स्वतःची यादी करतं, तिच्यावर निवडून आलेली माणसं मत देतात, आणि आमदार ती ऐकायला शहराच्या सभागृहात येतात.

आमच्याकडे ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू आहे. बाराव्या अनुसूचीत १८ विषय आहेत, नगररचनेपासून अग्निशमनापर्यंत. प्रत्यक्षात महापालिका आयुक्त राज्य सरकार नेमतं आणि कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे असतात, महापौरांकडे नाहीत. महापालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली मुख्य सभेचा ठराव राज्य सरकार विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. पुण्याच्या घरपट्टीचंच उदाहरण घ्या. स्वतः राहणाऱ्यांना १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातल्या आक्षेपांनंतर राज्याने ती काढून घेतली, लोकांना वाढीव बिलं आली, आणि २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळानेच ती परत दिली. घरपट्टी पुण्याची, घरं पुणेकरांची, निर्णय दोन्ही वेळा मुंबईत.

पैशाचंही तसंच. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्याने कायदा करून महापालिकांना दरवर्षी ८ टक्के वाढीने भरपाई द्यायची ठरवली. तुमच्या १ टक्क्यापेक्षा हे बरं दिसतं, पण तो राज्याने दर महिन्याला पाठवायचा पैसा आहे, स्वतःच्या अधिकाराने उभा केलेला नाही. दोन्हींत फार फरक पडतो.

आणि मार्च २०२२ पासून तर आमच्याकडे सभागृहच नाही, प्रशासक आहेत. म्हणजे साडेतीन वर्षं शहराच्या वतीने राज्याशी बोलणारा एकही निवडून आलेला नगरसेवक नाही. आता सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ च्या आत निवडणुका घ्यायला सांगितलंय. तुमच्याकडच्या रिकाम्या खुर्च्यांबद्दल वाचून वाईट वाटलं. आम्हांला सध्या तशी बैठक मिळतच नाही.

---

एडिसनकर | १९ ऑक्टोबर

न्यू जर्सीतून भर घालतो. आमच्याकडे मर्यादा २ टक्के, २०१० च्या कायद्याने. पण तिला मोठे अपवाद आहेत, कर्जफेड, पेन्शन, आरोग्यविमा यांच्या वाढीसाठी. त्यामुळे बिलं थांबली नाहीत, वेग कमी झाला. आमचा प्रश्न वेगळाच आहे: २१ काउंट्या आणि ५६४ गावं-शहरं, प्रत्येकाचं काउन्सिल निराळं. एकट्या गावाला राजधानीत, ट्रेंटनमध्ये, कोण विचारतो? म्हणून गावांची लीग दर नोव्हेंबरला अटलांटिक सिटीत मोठी परिषद भरवते आणि राज्यातले मंत्री, आमदार तिथे येतात. वॉशिंग्टनमध्ये असं काही आहे का?

बॉथेलकरांचा मुद्दा मला पटतो, पण एका अनुभवासह. लोकांपुढे मतदानाला गेलं की दिसणाऱ्या गोष्टी मंजूर होतात, पार्क, फायर स्टेशन. जमिनीखालचा जुना पाइप मतदानात कधीच जिंकत नाही.

---

फ्रीमाँटवासी | १९ ऑक्टोबर

कॅलिफोर्नियात १९७८ पासून प्रपोझिशन १३. करासाठी धरलेली घराची किंमत वर्षाला जास्तीत जास्त २ टक्के वाढते, घर विकेपर्यंत. परिणाम असा की एकाच रस्त्यावर, एकसारख्या घरात, नवा आलेला माणूस जुन्याच्या कितीतरी पट कर भरतो. तुमची पद्धत त्यापेक्षा न्याय्य वाटली. एवढंच.

---

तळ्याकाठची | १९ ऑक्टोबर

@एडिसनकर, आहे. असोसिएशन ऑफ वॉशिंग्टन सिटीज, १९३३ पासूनची संस्था, राज्यातली २८१ शहरं-गावं तिची सभासद. अधिवेशनाच्या काळात ऑलिम्पियात त्यांचे सिटी अ‍ॅक्शन डेज असतात, तेव्हा राज्यभरचे महापौर आणि काउन्सिल सदस्य आमदारांच्या कार्यालयांत फिरताना दिसतात. पाइपचं वाक्य मी काउन्सिलमध्ये वापरणार आहे, परवानगी आहे असं धरते.

@पर्वतीपायथा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. जानेवारीनंतर सभागृह आलं की पहिल्याच वर्षी आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला विचारा, की राज्याकडे शहराच्या पहिल्या तीन मागण्या कुठल्या.

---

हिशेबी | २१ ऑक्टोबर

लॉबिस्टचा उल्लेख आला तिथे अडखळलो. आपल्या कराच्या पैशातून शहराने लॉबिस्ट नेमायचा, तोही आपण निवडून दिलेल्या आमदारांशी बोलायला? हे मला पटत नाही. आमदार शहराचेच आहेत ना?

---

बॉथेलकर | २१ ऑक्टोबर

@हिशेबी, इथे मी शहराच्या बाजूने आहे. आमदारांच्या मतदारसंघाची हद्द आणि शहराची हद्द एक नसते. एका शहराचे दोन-तीन तुकडे वेगवेगळ्या मतदारसंघांत असतात आणि एका आमदाराकडे चार-पाच शहरं. अधिवेशनात विधेयक सकाळी एक असतं, संध्याकाळी दुरुस्त्या होऊन दुसरंच. बिल्डर, विमा कंपन्या, युनियन सगळ्यांची माणसं तिथे बसलेली असतात. शहराचं कोणी नसेल तर शहराला निकाल लागल्यावर कळतं.

२०२३ चं हाउस बिल १११० आठवा. ७५,००० हून जास्त वस्तीच्या शहरांनी राहत्या भागातल्या प्रत्येक प्लॉटवर किमान ४ घरांना परवानगी द्यायची, मोठ्या ट्रान्झिट थांब्याजवळ ६. माझा त्याला पाठिंबा होता, पण सांडपाण्याच्या जुन्या लाइनी, पार्किंग, झाडं या बाबतीत शहरांना किती सवड मिळणार हे दुरुस्त्यांमध्येच ठरलं. तिथे माणूस हवाच. आणि खर्च लपवता येत नाही. सरकारी संस्थांनाही लॉबिंगच्या खर्चाचा अहवाल पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे द्यावा लागतो. तुमच्या शहराचा आकडा तिथे मिळेल.

---

चाफेकळी_७ | २३ ऑक्टोबर

माझा प्रश्न छोटा आहे. आमच्या अपार्टमेंटपासून लाइट रेलच्या स्टेशनपर्यंत जेमतेम पाऊण मैल. मधला रस्ता स्टेट हायवे. एका बाजूला फुटपाथ मधेच संपतो, पुढे खडी आणि मग उतार. नोव्हेंबरपासून साडेचारलाच अंधार पडतो, पाऊस असतो, आणि माझी मुलगी बास्केटबॉलचा सराव संपवून त्या खडीवरून चालत येते. १८ वर्षांखालच्यांना बस-रेल फुकट आहे, ती अगदी आनंदाने वापरते. बस थांब्याला शेडही नाही. मी शहराच्या अ‍ॅपवर तक्रार केली, उत्तर आलं की रस्ता राज्याचा आहे. आता कोणाला धरू?

---

तळ्याकाठची | २३ ऑक्टोबर

@चाफेकळी, हा प्रश्न छोटा नाही, अशाच प्रश्नांसाठी ती बैठक असते. तुमच्या पाऊण मैलात तीन सरकारं आहेत. रस्ता राज्याच्या वाहतूक खात्याचा. बसचा थांबा आणि शेड मेट्रोची, म्हणजे काउंटीची. फुटपाथचा आराखडा आणि अर्ज करणं शहराचं काम. तिघांपैकी प्रत्येकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येतं. तिघंही एका टेबलाशी बसतात ते या यादीच्या वेळीच.

काय करता येईल ते लिहिते. शहराकडे रस्त्याच्या कामांची सहा वर्षांची यादी असते. तुमचा तुकडा तिच्यात आहे का ते आधी बघा. नसेल तर राज्य पैसे देणारच नाही, कारण शहराने मागितलेलेच नसतील. मग काउन्सिलला लिहा, की हा तुकडा राज्याकडच्या मागण्यांत घाला. राज्याची सेफ रूट्स टू स्कूल नावाची अनुदान योजना आहे, शाळेच्या वाटेसाठी तिचा अर्ज शहर करू शकतं. पत्रात 'सुरक्षितता वाढवा' असं मोघम लिहू नका. कुठल्या चौकापासून कुठल्या चौकापर्यंत, किती फूट फुटपाथ नाही, किती वाजता किती मुलं चालतात, ते लिहा. अंधारात काढलेला एक फोटो जोडा. बैठकीत मी हेच पाहिलं, की काउंटीच्या सदस्यांनी फक्त तेव्हाच वही उघडली जेव्हा कोणीतरी थांब्याचा क्रमांक सांगितला.

---

केवळ_वाचक | २४ ऑक्टोबर

चाफेकळी, मी बहुतेक त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहतो. विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करतो. फूट मोजायला येतो.

---

चाफेकळी_७ | १२ नोव्हेंबर

अपडेट. केवळ_वाचक आणि आमच्या बिल्डिंगमधली काही मंडळी, त्यात एक इथिओपियन कुटुंब आणि एक चिनी आजी-आजोबा, असे आम्ही काउन्सिलला गेलो. प्रत्येकाला तीन मिनिटं. टेबलावर छोटा दिवा असतो, हिरवा, मग पिवळा, मग लाल. मी कागद वाचून दाखवला, हात थरथरत होते. आजोबांसाठी नात भाषांतर करत होती, तर महापौरांनी त्यांना जास्तीचा वेळ दिला. नंतर एक काउन्सिल सदस्य बाहेर येऊन बोलल्या. आमचा तुकडा सहा वर्षांच्या यादीत आहे, पण शेवटच्या वर्षात.

---

तळ्याकाठची | १० डिसेंबर

काल आमच्या शहराने यादीवर मत घेतलं. १ टक्का आणि बचाव वकिलांचा खर्च पहिल्या भागात राहिले. चाफेकळींच्या शहराची यादीही आली आहे. हायवेवरचा फुटपाथ दुसऱ्या भागात आहे, म्हणजे 'पाठिंबा'. पहिल्यात नाही. मला ते पुरेसं वाटत नाही. दुसऱ्या भागातल्या गोष्टीसाठी आमदाराने स्वतः उचल खाल्ली तरच काही होतं, म्हणून आता आपणच आमदारांना गाठायला हवं. सम वर्षी पूर्ण अर्थसंकल्प नसतो, पुरवणी असतो, त्यामुळे पैसा थोडाच असेल. पण २०२७ च्या मोठ्या अर्थसंकल्पात नाव यायला सुरुवात आताच करावी लागते.

---

हिशेबी | ११ डिसेंबर

यादीतल्या विधेयकांवर घरबसल्या मत नोंदवायचं असेल तर कसं?

---

बॉथेलकर | ११ डिसेंबर

@हिशेबी, विधिमंडळाच्या वेबसाइटवर समितीची सुनावणी निवडायची, विधेयक निवडायचं आणि बाजूने, विरोधात किंवा इतर असं नोंदवायचं. सुनावणी सुरू होण्याच्या एक तास आधीपर्यंतच मुभा असते, नंतर बंद. लेखी म्हणणं मात्र सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांपर्यंत पाठवता येतं. हाउसची विधेयकं १००० च्या पुढच्या क्रमांकांची, सिनेटची ५००० च्या पुढच्या. यंदाच्या (२०२५ च्या) अधिवेशनात अडकलेली विधेयकं त्याच क्रमांकाने जिवंत असतात, मेलेली समजू नका. ३ टक्क्यांचं विधेयक परत आलं तर मी विरोधात नोंदवणार आहे, तळ्याकाठची बाजूने. आणि दोघांनी एकमेकांना तारीख कळवायची असं ठरलंय.

---

चाफेकळी_७ | १२ डिसेंबर

आमच्या सिनेटरच्या कार्यालयातून उत्तर आलं. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑलिम्पियात पंधरा मिनिटं दिली आहेत. मुलीलाही घेऊन जाणार आहे, तिच्या शाळेला कळवलंय. आमच्या गाडीत आणखी दोघांना जागा आहे. सकाळी सातला निघू, टकोमाजवळ ट्रॅफिक असतो. फुटपाथवाला नकाशा मोठा छापून कोणी देईल का? ज्यांना यायचंय त्यांनी विपू करा.

---

केवळ_वाचक | १२ डिसेंबर

मी येतो. नकाशा ऑफिसजवळच्या दुकानातून छापून आणतो, बस थांब्यांचे क्रमांकही त्यावर घालतो.